फियाट कुणाची

राखी कारखान्यातली पाळी संपवून गल्लीत शिरली तेव्हा एक अनोळखी माणूस टेपने फियाटचं माप घेत होता. आधी बोनेटपासून डिकीपर्यंतची लांबी, मग रुंदी, मग टपाची उंची. आकडे तो मोबाईलमध्ये टाकत होता. राखीचा धाकटा भाऊ धम्मरत्न चहाचा कप घेऊन त्याच्या बाजूला उभा होता. राखीला वाटलं, पालिकेचा कोणी असेल. उधन्याच्या त्या गल्लीत गटाराची नवी लाईन पडणार होती. सोमवारी खोदकाम सुरू होणार होतं आणि त्याआधी सगळ्यांनी आपापल्या गाड्या हलवायच्या होत्या.

मग त्या माणसाने भिवाला जवळ बोलावलं. भिवा म्हणजे राखीचा बाप, सत्तरीला टेकलेला. तो बनियनवरच होता. त्याने मुकाट्याने दोन्ही हात आडवे पसरले आणि त्या माणसाने त्याच टेपने त्याची छाती मोजली, मग खांदे, मग बाहीची लांबी.

"हे काय चाललंय?" राखीने विचारलं.

भिवाने हात खाली घेतले. उत्तर धम्मरत्नने दिलं. "केतनभाईंचा माणूस आहे, ताई. नव्या शोरूमच्या दारात गाडी ठेवायची आहे, त्यासाठी चौथरा बांधतायत."

"आणि बाबांचं माप?"

धम्मरत्नने चहाचा घोट घेतला. "युनिफॉर्म. उद्घाटनाला बाबा गाडीजवळ उभे राहणार आहेत. पांढरे कपडे, टोपी, पूर्वी असायची तशी."

राखीने त्या माणसाच्या हातातून टेप ओढून घेतली आणि गल्लीच्या तोंडाकडे भिरकावली. तो माणूस घाबरून धम्मरत्नकडे बघायला लागला. धम्मरत्नच्या कपातला चहा बशीत सांडला होता. शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या पार्वतीमावशीने सूप खाली ठेवलं आणि नीट बघता यावं म्हणून तोंड इकडे वळवलं. राखीचा राग गल्लीला नवा नव्हता.

"टेप उचल आणि जा," राखी त्या माणसाला हिंदीत म्हणाली. "गाडी विकायची नाहीये."

ती गाडी म्हणजे जुनी पद्मिनी. गल्लीत सगळे फियाटच म्हणायचे. केतनभाईचे वडील, ज्यांना भिवा अजून मोठे शेठ म्हणायचा, त्यांनी ती साड्यांच्या धंद्यात पहिल्यांदा बरकत आली तेव्हा घेतली होती. भुसावळकडून कामाच्या शोधात गुजरातेत आलेला भिवा तिच्यावर ड्रायव्हर म्हणून लागला. पुढे शेठकडे मोठमोठ्या गाड्या आल्या, त्यांच्यावरही भिवाच होता, आणि फियाट बंगल्याच्या मागे लिंबाखाली पडून राहिली. मोठे शेठ वारले, बंगला पाडून तिथे टॉवर उठवायचं ठरलं, भंगारवाला बोलावला गेला, तेव्हा निवृत्त झालेला भिवा तिथे जाऊन भंगाराच्या भावाने ती गाडी रीतसर स्वतःच्या नावावर करून घेऊन आला. ट्रॅक्टरला बांधून आणली तेव्हा तिच्या तळाचा पत्रा हाताने तुटत होता आणि डिकीत मुंगसाने घर केलं होतं.

तो काळ राखीलाही वाईटच होता. अमळनेरच्या सासरहून ती कायमची परत आली होती. कोणाशी बोलत नव्हती, धड जेवत नव्हती, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका रविवारी भिवाने तिच्या हातात तारेचा ब्रश दिला आणि म्हणाला, "गंज काढायचाय. मला एकट्याला होत नाही." तेव्हापासून रविवार त्या दोघांचा आणि फियाटचा झाला. पुढे राखी इच्छापोरला कारखान्यात लागली, विजेच्या पॅनेलचे डबे रंगवायच्या खात्यात, आणि तिथे स्प्रेगन धरायला शिकली. आता गाडीचं इंजिन चालू होत होतं. तळाला नवा पत्रा बसला होता. बोनेट आणि पुढचे दरवाजे पांढरेशुभ्र झाले होते, बाकीचं अंग अजून प्रायमरच्या राखाडी रंगात होतं. मागची सीट तर बसवायचीच राहिली होती. राखीने तो विषय काढला की भिवा म्हणायचा, "बघू पुढे, घाई काय आहे."

गाडी एवढी झाली तेव्हा राखीची मैत्रीण अश्विनी हिने गाडीचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला आणि तो फिरत फिरत केतनभाईच्या फोनवर पोचला.

रात्रीच्या जेवणाला भांडण झालंच.

"विचारायचं तरी होतं मला," राखी म्हणाली.

"तू काय हो म्हणणार होतीस?" धम्मरत्न म्हणाला. तो दिंडोलीला फ्लॅट घेऊन राहत होता, पण या भानगडीसाठी बायकोमुलांना घरी ठेवून दोन दिवस आईबापाकडेच थांबला होता. "सोमवारी गाडी हलवायची आहे. कुठे ठेवणार? माझ्या सोसायटीत बिनपासिंगच्या गाडीला कोणी उभं राहू देत नाही. किंमत चांगली देतायत. वर बाबांना स्टेजवर बोलावून शाल घालणार आहेत. आयुष्यभर त्या माणसाने दुसऱ्यांसाठी दार उघडलं, ताई. एकदा त्याला लोकांसमोर मान मिळतोय तर तुझं काय जातं?"

"मान? ड्रायव्हरचे कपडे घालून, टोपी घालून, दार धरून उभं राहायचं, याला मान म्हणतात का? शाल काय त्या युनिफॉर्मवरून घालणार आहेत?"

"शाल शेवटी."

"ऐकलंत बाबा? शाल शेवटी."

भिवा भाकरी मोडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"तुम्ही हो म्हणालात?" राखीने विचारलं.

"केतनभाई स्वतः फोनवर बोलला," भिवा म्हणाला. "काय सांगणार?"

"नाही सांगायचं. एवढंच. नाही."

आई अंजनाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मला विचाराल तर विका नाहीतर फुंका, पण माझ्या दारातून हलवा. इतकी वर्षं मी त्या धुडाला वळसा घालून पाणी भरू राहिले. कोणाला माझी दया आली का?"

राखी ताट सरकवून उठली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. अर्ध्या पाळीनंतर राखी कारखान्याच्या बसमधून घरी आलीच नाही. वाटेत उतरून, रिक्षा बदलत ती रिंगरोडला पोचली. केतनभाईचं शोरूम नव्या मार्केटच्या तळमजल्यावर होतं. दारासमोर चौथऱ्याचं काम चाललं होतं, कडाप्पा कापायच्या मशीनची धूळ उडत होती. आत केतनभाई पांढऱ्या गादीवर बसून कारागिरांना सूचना देत होता. पंचेचाळिशीचा, गोरा, गोड बोलणारा माणूस. राखीच्या अंगावर कारखान्याचा निळा कोट होता, तरी त्याने तिला भिवाची मुलगी म्हणून ओळखलं आणि उठून उभा राहिला.

"आवो आवो, बेन. भिवाभाईनी दीकरी ने? बेसो. थंडा मागवतो."

"थंडा नको," राखी गुजरातीतच म्हणाली. "गाडी विकायची नाही, एवढं सांगायला आले."

केतनभाईला राग आला नाही. तिला तेच खटकलं. त्याने हसून तिला आतल्या भिंतीकडे नेलं. तिथे छतापर्यंत उंच असा एक फोटो लावला होता. काळा-पांढरा, मोठा केल्यामुळे थोडा पुसट दिसत होता. मोठे शेठ फियाटमधून उतरत होते, एक पाय जमिनीवर, हसरा चेहरा. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि त्या दाराला एका हाताने धरलेलं होतं. पांढरी बाही, मनगट, चार बोटं. माणूस फोटोच्या बाहेर राहिला होता.

"ओळखलंत?" केतनभाई प्रेमाने म्हणाला. "हा हात भिवाभाईंचा. मी डिझाइनरला म्हटलं, हा माणूस अजून आहे. गाडीपण त्याच्याकडेच आहे. तोच इथे उभा राहिला तर काय दिसेल. बेन, ते आमच्या घरच्यासारखे होते. एवढ्या वर्षांत भिवाभाईंच्या तोंडून मी ना हा शब्द ऐकला नाही."

राखी त्या हाताकडे बघत राहिली. त्या बोटांमधलं करंगळीचं वाकडं पेर तिच्या ओळखीचं होतं.

"घरच्यासारखे होते तर चेहरा का नाही फोटोत?"

"फोटो पप्पांचा काढला होता ना," केतनभाई म्हणाला. त्याला प्रश्न खरोखर कळला नव्हता.

"गाडी विकायची नाही," राखी पुन्हा म्हणाली. आवाज वाढला तसे कारागीर शिडीवरून बघायला लागले. "माझ्या हाताचा रंग आहे तिच्यावर. दुसरा ड्रायव्हर शोधा आणि दुसरी गाडी शोधा."

"बेन, गाडी कुणाच्या नावावर आहे?" त्याने शांतपणे विचारलं. "भिवाभाईंच्या ना? मग ते सांगतील. मी उद्या दुपारी क्रेन घेऊन येतो. त्यांनी ना म्हटलं तर क्रेन परत नेईन."

तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणून राखीचा संताप आणखीच वाढला. येताना रिक्षात ती एकटीच पुटपुटत होती. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं, मग बघायचं सोडून दिलं.

रविवारी सकाळी ती नेहमीचे रंगाचे डाग पडलेले कपडे घालून गाडीपाशी आली. भिवा आधीच तिथे होता, पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसलेला. हातात पाना होता, पण तो काही करत नव्हता.

"अश्विनीच्या दिराचा पांडेसराला गाळा आहे," राखी म्हणाली. "निम्मा रिकामा आहे. मी बोलून घेतलंय. संध्याकाळी आपण गाडी चालवत तिथे नेऊ. मग आरामात रंग पुरा करू, मागची सीट बसवू. दुपारी तो येईल तेव्हा तुम्ही फक्त नाही म्हणा. नसेल जमत तर आत बसा, मी म्हणते."

भिवा पाना हातात फिरवत राहिला.

"बाबा, ऐकताय ना? तुमची गाडी आहे ती. आता कोणा शेठची नाही. ती लोकांना दाखवायला चौथऱ्यावर चढवायची, बाजूला तुम्हाला उभं करायचं, आणि तुम्ही..."

भिवाने पाना फेकला. तो दरवाज्यावर आदळला आणि पांढऱ्या रंगाचा एक टवका उडाला.

राखीने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. तो उठून उभा राहिला होता आणि त्याच्या मानेची शीर फुगली होती.

"माझी गाडी म्हणू राहिली," तो म्हणाला. "मग मला विचारलं कोणी? केतन ठरवतो कुठे ठेवायची. धम्मा ठरवतो कितीला द्यायची. तुझी माय ठरवते हलवायची. तू ठरवते पांडेसराला न्यायची. आणि मी काय म्हणायचं तेपण तूच ठरवते. मी तेव्हापण ड्रायव्हर होतो, आजपण ड्रायव्हरच."

आवाज ऐकून अंजनाबाई दारात आली. तिच्या मागे धम्मरत्न.

"मग सांगा ना, तुम्हाला काय पाहिजे," राखी म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "कोणी अडवलंय?"

"मला ही गाडी नको," भिवा म्हणाला. "मला ती कधीच नको होती."

राखीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी स्टेरिंगवर बसलो की माझी पाठ आपोआप ताठ होते. कान मागे लागतात. मागून कोण काय म्हणतंय, थांब म्हणतंय का चल म्हणतंय. गाडीत मागे कोणी नाही, सीटसुद्धा नाही, तरी कान तिकडेच. म्हणून नाही बसवू दिली ती सीट. तू गेल्या महिन्यात कुठून तरी शोधून मधला आरसा आणला आणि काचेवर लावला. तुला किती आनंद झाला होता. या गाडीत मधला आरसा मला कधी वापरू दिला नव्हता, राखी. मागे घरच्या बायका बसतात, ड्रायव्हरने बघायचं नाही, म्हणून मोठ्या शेठनी तो टपाकडे वळवून ठेवला होता. सगळी वर्षं मी बाजूच्या आरशावर गाडी चालवली. भीमजयंतीला सुट्टी मागायची हिंमत नव्हती, ताप आलाय सांगायचो. दुसऱ्या दिवशी शेठाणी विचारायची, उतरला का ताप. मी म्हणायचो, उतरला."

"मग आणली कशाला?" राखीने विचारलं. "पदरचे पैसे घालून, ट्रॅक्टरला बांधून, कशाला आणली?"

भिवा खाली बसला. गाडीला पाठ टेकवून, मातीत.

"तू भिंतीकडे तोंड करून पडलेली होतीस," तो म्हणाला. "तुला ठोकायला काहीतरी पाहिजे होतं. मला दुसरं काय येतं? मला गाडी येते. बंगल्यावर ही भंगारात निघालेली दिसली. म्हटलं, हिच्यावर कितीही हातोडा चालव, मला वाईट वाटणार नाही."

पार्वतीमावशी ओट्यावरून उठून आत गेली.

राखीला खरं तर बापाजवळ बसायला हवं होतं. पण तिला राग आला होता, आणि या रागाला आता धड तोंडच नव्हतं. एवढे रविवार ती बापाच्या मानासाठी राबत होती आणि बाप तिच्यासाठी राबत होता, आणि ज्या गाडीवर दोघं राबले ती दोघांपैकी एकालाही नको होती. की तिला हवी होती? तिला तेही कळेना. ती धम्मरत्नवर खेकसली, "तू काय बघतोस? आत जा." आणि तो खरंच आत गेला.

दुपारी केतनभाई आला. शब्दाला जागून स्वतः आला, मागे पिवळी क्रेन. क्रेन शिरल्यावर त्या चिंचोळ्या गल्लीत त्याच्या गाडीला जागाच उरेना म्हणून तो कोपऱ्यावर उतरून चालत आला. हातात मिठाईचा खोका होता आणि खांद्यावर प्लास्टिकच्या पिशवीत इस्त्री केलेला पांढरा युनिफॉर्म. शिंप्याने एका दिवसात शिवून दिला होता.

भिवाने शर्ट घातला होता आणि केस विंचरले होते. तो ओट्याच्या पायरीवर बसला होता. केतनभाईला पाहून तो सवयीने उठू लागला. गुडघे सरळ झाले, मग अर्ध्यात थांबला आणि परत खाली बसला. राखी फियाटच्या बोनेटला टेकून उभी होती. ती पुढे झाली तसा भिवाने नुसता हात वर करून तिला थांबवलं.

"बसा केतनभाई," तो गुजरातीत म्हणाला. धम्मरत्नने खुर्ची आणून ठेवली.

केतनभाई बसला. मिठाई अंजनाबाईच्या हातात दिली. "तमारी दीकरी माझ्यावर फार चिडली आहे," तो हसून म्हणाला.

"गाडी न्यायची तर न्या," भिवा म्हणाला.

राखीने डोळे मिटले. भिवा पुढे बोलत होता.

"मला ती नको आहे. तुमच्या वडिलांची होती, तुम्ही ठेवा. पण मी येणार नाही. ते कपडे परत घेऊन जा."

केतनभाईचं हसू थोडं उतरलं. "भिवाभाई, एका तासाचं काम. पाहुण्यांना मी सांगून बसलोय. तुम्ही नसाल तर त्या गाडीत काय आहे? जुन्या गाड्या तर कितीही मिळतात."

"मी आलो तर लोक विचारतील. पत्रकार येतील म्हणालात. ते विचारतील, काका, काही आठवण सांगा. मी काय सांगू?"

"जे आठवेल ते. पप्पा तुम्हाला किती मानायचे..."

"मला एक आठवतं," भिवा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, जेवण झालं का विचारावं तसा. "सहारा दरवाज्याच्या पुढे, रिंगरोडला. दिवाळीचे दिवस होते. सिग्नलला गाडी थांबली आणि मागून एक स्कूटरवाला येऊन धडकला. मला तो दिसलाच नाही, कारण मधला आरसा वर वळवलेला. मोठे शेठ उतरले. डिकीला पोचा पडलेला पाहिला. मला खाली बोलावलं आणि भर रस्त्यात, सगळी गर्दी बघत असताना, माझ्या तोंडात मारली. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. तोंडावर मारत होते आणि म्हणत होते, डोळे कुठे ठेवले होतेस. मी सांगू शकलो असतो, शेठ, आरसा तुम्हीच वळवलाय. नाही सांगितलं. टोपी खाली पडली होती, ती उचलली आणि परत गाडीत बसलो."

अंजनाबाईने हातातला मिठाईचा खोका खाली ठेवला. राखी जागच्या जागी उभी होती. ही गोष्ट ती पहिल्यांदा ऐकत होती.

"मला... असं काही माहीत नाही," केतनभाई म्हणाला.

"माहीत आहे. तुम्ही मागच्या सीटवर होता. आईच्या मांडीवर. सहा-सात वर्षांचे असाल. तुम्ही रडायला लागला होता. घरी पोचेपर्यंत रडत होता. मला ऐकू येत होतं."

केतनभाईचा चेहरा लाल झाला. त्याने इकडे तिकडे पाहिलं. दारादारांतून माणसं उभी होती.

"आठवत नाही मला," तो म्हणाला, आणि मग एकदम त्याचा गोडवा संपला. "आणि असेल झालं काही. तो जमाना वेगळा होता. पप्पांनी तुमच्या मुलाच्या शाळेची फी भरली, ते नाही आठवत? ही गाडीसुद्धा आम्ही दिली म्हणून तुमच्या दारात आहे."

"विकत घेतली," राखी म्हणाली. आता तिला कोणी थांबवलं नाही. "भंगार म्हणून विकलीत, भंगार म्हणून घेतली. आता भंगारातून उभी राहिली तेव्हा तुम्हाला पप्पांची आठवण झाली."

"राखी," भिवा म्हणाला, आणि ती गप्प झाली. तो केतनभाईकडे वळला. "फी भरली, खरं आहे. तेपण सांगेन, विचारलं तर. दोन्ही सांगेन. बोला, येऊ का?"

केतनभाई उठला. युनिफॉर्मची पिशवी त्याने खुर्चीवरच ठेवली होती. धम्मरत्नने ती उचलली. परवा रात्री याच युनिफॉर्मसाठी तो बहिणीशी भांडला होता. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तो केतनभाईच्या मागे चालत गेला आणि पिशवी त्याच्या हातात देऊन आला. परत आल्यावर मोरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. क्रेन मागे घेताना ड्रायव्हरला गल्ली अपुरी पडत होती. शेवटी भिवाच उठला आणि हाताने इशारे करत त्याला बाहेर काढून दिलं.

केतनभाई गेल्यावर राखीने ओट्याखालून हातोडा काढला. भिवा कोपऱ्यावरून परत येत होता, त्याने पाहिलं. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि फियाटच्या बोनेटवर हाणला. स्वतःच घासून, पुट्टी भरून, आरशासारख्या केलेल्या त्या पांढऱ्या पत्र्यात वाटीएवढा खड्डा पडला. आवाजाने पार्वतीमावशीची शेळी दावणीला हिसका देऊन ओरडली. राखीने दुसऱ्यांदा हातोडा उचलला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाप शेजारी येऊन उभा आहे आणि तिला अडवत नाही.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मी तिच्यावर रंग मारत होते, बाबा. त्याच डिकीचा पोचा मी काढला. हाताने. तुम्ही बाजूला दिवा धरून उभे होता."

"काढलास ना," भिवा म्हणाला. "मग झालं."

"झालं नाही."

"नाही झालं," तो म्हणाला.

तिच्या हातून हातोडा घेऊन त्याने पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "नवापूरला दगा म्हणून एक जण आहे. आपल्या भुसावळकडचाच. त्याच्याकडे अशीच एक फियाट आहे, लग्नकार्याला, गावोगाव भाड्याने फिरवतो. तिचं इंजिन गेलंय. त्याला फोन लावतो. त्याने हिचं इंजिन काढावं, पत्रा काढावा, काय करायचं ते करावं. चालती तरी राहील कुठेतरी. तुला चालेल का?"

राखीला लगेच हो म्हणता आलं नाही. अजूनही तिला वाटत होतं, पांडेसराचा गाळा आहे, संध्याकाळ आहे, किल्ली इथेच खुंटीला आहे. गाडीचा एकेक इंच तिला बोटांनी पाठ होता. पण बापाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला काय पाहिजे ते सांगितलं होतं, आणि वर तिला विचारलंही होतं.

"मला नाही चालत," ती म्हणाली. "पण लावा फोन."

दगा दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन आला. तोपर्यंत खोदकामाची मशीन गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती आणि मुकादम ओरडत होता. दगाने गाडीभोवती फेरी मारली, इंजिनचा आवाज ऐकून खूश झाला, मग बोनेटपाशी येऊन थबकला.

"हा पोचा ताजा दिसतो," तो म्हणाला.

"घरचाच आहे," भिवा म्हणाला.

राखी त्या दिवशी कामावर गेली नव्हती. गाडी टेम्पोवर चढवताना ती लांब उभी राहणार होती. पण दगाची माणसं प्रायमर लावलेल्या बाजूला दोर आवळायला लागली तशी ती पुढे धावली, त्यांना चार शब्द सुनावले आणि दोराखाली गोणपाट घातलं. दगाने मग तिच्याच हाताने दोर बांधून घेतले. टेम्पो निघाला तेव्हा अंजनाबाई दारात उभी राहिली. गाडी जाताच तिने बादलीभर पाणी त्या जागेवर ओतलं आणि खराट्याने झाडायला लागली. झाडता झाडता तीच रडायला लागली. कुणाला कळेना का. विचारलं तर म्हणाली, "एवढा मार खाऊन घरी आला होता, आणि मी त्या दिवशी विचारलं होतं, गाल का सुजला. दाढ दुखते म्हणाला होता. मी लवंग दिली."

आठवडाभर गल्लीत चालायला जागा नव्हती. दारासमोर पुरुषभर खोल चर आणि त्यावर एक फळी. कारखान्यात राखी कोणाशी नीट बोलली नाही. सुपरवायझरने एका डब्यावर रंग ओघळल्याचं दाखवलं तर तिने तो डबाच उचलून त्याच्या पुढ्यात आदळला. अश्विनीने तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं.

पुढच्या रविवारी ती उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहिली. मग उठून बाहेर आली. भिवा पायरीवर बसून चराकडे बघत होता. करायला काही नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली.

"अजून आहे का काही?" तिने विचारलं. "न सांगितलेलं?"

"आहे."

"मग सांगा."

"तू चिडशील."

"चिडणारच आहे. सांगा."

भिवाने जरा वेळ विचार केला, कुठून सुरुवात करावी असा. मग तो सांगायला लागला. आधी सापुताऱ्याच्या सहलीचं, मग शेठाणीच्या माहेरच्या लग्नाचं. आतून अंजनाबाई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यावरच टेकली. सांगता सांगता भिवाचा आवाज वाढायला लागला, हात हलायला लागले, आणि एका ठिकाणी त्याने आपल्या भुसावळी बोलीत अशी एक शिवी दिली की राखीने ती घरात कधी ऐकली नव्हती. तिने त्याला थांबवलं नाही. चहा तिथेच निवत राहिला.